फाईल कोणी ठेवायची?



गेल्या पावसाळ्यात आमच्या वाटूरला एक पुस्तक आले. आले म्हणजे काय, जालन्याच्या रद्दीतून एका पोराने वीस रुपयाला उचलले. कव्हर गेलेले, शेवटची काही पाने उंदराने खाल्लेली. फ्रेडरिक फॉर्सिथ या इंग्रज लेखकाची 'द ओडेसा फाइल'. १९७२ सालची कादंबरी. ज्या साली दुष्काळाने मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला रस्त्यावर आणली, ज्या साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली ही कादंबरी छापून आली. विषय काय, तर ज्यूंची कत्तल करून, नाव बदलून लपलेल्या नाझी गुन्हेगाराची शिकार.

पुस्तक इंग्रजी. आमच्यातल्या निम्म्यांना ते पेलत नाही. म्हणून रिटायर झालेल्या गुरुजींना धरले. रोज संध्याकाळी विहारासमोरच्या ओट्यावर गुरुजी वीस-पंचवीस पाने चाळायचे आणि मराठीत सांगायचे. दहा-बारा पोरं, तीन पोरी, आणि एका कडेला सुपात ज्वारी घेऊन निवडत बसलेली माझी आत्याबाई. तिला कोणी बोलावले नव्हते. ती रोज यायची.

त्या संध्याकाळी जे बोलणे झाले त्याचा हा हिशेब आहे. समीक्षा नाही. समीक्षेला विद्यापीठात माणसं बसलेली आहेत. हा आमचा आम्हीच मांडलेला हिशेब आहे आणि त्यात आमचीच बाकी निघाली आहे.

०

आधी कादंबरी थोडक्यात. नोव्हेंबर १९६३. हँबर्ग शहरात एक म्हातारा ज्यू गॅस सोडून जीव देतो. त्याच्या खोलीत एक वही सापडते. रीगा शहराच्या घेट्टोत त्याने काय पाहिले, काय भोगले, ते सगळे त्या वहीत. घेट्टोचा कमांडंट एडुआर्ड रोशमान. वही पीटर मिलर नावाच्या तरुण जर्मन पत्रकाराच्या हाती पडते आणि तो रोशमानच्या मागे लागतो. रोशमानला पाठीशी घालणारी जुन्या नाझींची गुप्त संघटना, तिचे नाव ओडेसा.

पहिल्याच दिवशी एका पोराने विचारले, "गुरुजी, पर हिटलर तर लई कडक मानूस व्हता ना?" कोणी हसले नाही, कारण अर्ध्या पोरांच्या मनात तेच होते. आपल्या बसस्टँडवरच्या बुकस्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र आजही खपते आणि आपली पोरंही ते घेतात. गुरुजींनी पुस्तक मांडीवर उलटे ठेवले आणि सांगितले: साठ लाख ज्यू मारले. काही लाख रोमा मारले, ज्यांना जिप्सी म्हणतात, ज्यांचे पूर्वज हिंदुस्तानातून गेले. अपंग मारले, वेडे मारले. माणूस जन्माने शुद्ध किंवा अशुद्ध असतो या एका वाक्यावर हे सगळे उभे केले. "आता सांग, हे वाक्य तू आधी कुठं ऐकलंस?" पोरगा खाली बघायला लागला. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात अस्पृश्यांना भारतातल्या घेट्टोची लेकरं म्हटले ते उगाच नाही. गावकुसाबाहेरची वस्ती आणि घेट्टो यांचे नाते त्यांना दिसले होते.

पण तुलना करताना हात आखडावा लागतो. गॅसचेंबर एक होते, गावकूस दुसरे आहे. एकाने चार-पाच वर्षांत संपवायचे ठरवले, दुसऱ्याने दोन हजार वर्षे जिवंत ठेवून राबवायचे ठरवले. दुःखाची मोजमापे लावून कोणाचे मोठे हे ठरवणे आपले काम नाही. आपला प्रश्न वेगळा होता. गुन्हा झाल्यावर काय झाले?

०

चौथ्या दिवशी भांडण झाले. मिलर एवढा जिवावर उदार होऊन का शोधतोय, हे कादंबरीत शेवटाला कळते. रोशमानने पळून जाताना बंदरावर एका जर्मन अधिकाऱ्याला गोळी घातलेली असते आणि तो मिलरचा बाप असतो. गुरुजींनी हे आधीच सांगून टाकले. बी. ए. करणारी एक पोरगी ताडकन बोलली, "म्हणजे वही ज्यूची, मेले हजारो ज्यू, आणि हा निघाला आपल्या बापापायी? बाप मेला नसता तर त्यानं वही रद्दीत घातली असती का?"

दुसरा म्हणाला, "निघाला तर खरं! आपल्यासाठी कोण निघतंय?"

मला वाटते पोरगी बरोबर होती आणि पोरगाही चूक नव्हता. आपल्या बाजूला उभे राहणारे सवर्ण मित्र आपल्याला माहीत आहेत. काही खरेच उभे राहिले, मार खाल्ला. पण आपली वही वाचायला दुसऱ्याच्या बापाचे मरण लागावे, ही वेळ का यावी? ज्याची वही त्याने वाचली पाहिजे, त्याने मांडली पाहिजे. हे नीट डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरे भांडण शेवटावरून. शेवटची पाने उंदराने खाल्लेली. एकाने मोबाईलवर १९७४ सालचा सिनेमा पाहिला होता. तो म्हणाला, मिलर रोशमानला गोळ्या घालतो. गुरुजींनी कादंबरी पूर्वी वाचलेली. ते म्हणाले, कादंबरीत रोशमान निसटतो, विमानात बसून अर्जेंटिनाला जातो. पोरं हिरमुसली. "मंग काय उपेग?"

मग आम्ही खरे काय झाले ते शोधून काढले. ते सिनेमाहून आणि कादंबरीहून वेगळे आहे.

०

रोशमान खरा माणूस. १९०८ साली ऑस्ट्रियात ग्राझला जन्मलेला. १९४३ मध्ये रीगा घेट्टोचा कमांडंट. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये इटलीतल्या जेनोआ बंदरातून अर्जेंटिनाला पळाला. तिथे फेडेरिको वेगेनर या नावाने लाकडाचा धंदा करत राहिला. पळवाटा अशाच होत्या. रेडक्रॉसचे कागद, काही पाद्र्यांची मदत, ओळखीपाळखी. कादंबरीत आहे तशी एकच मोठी शिस्तबद्ध संघटना होती, हे आजचे बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. एक संघटना नसली तरी चालते, मित्रांनो. ज्याला वाचवायचे त्याला प्रत्येकाने थोडे थोडे वाचवले की पुरते. आपल्याकडे पाटील, फौजदार, सोसायटीचा चेअरमन आणि पुढारी यांची कुठे ओडेसा असते? तरी काम होते.

आता या कादंबरीतला खरा धागा. सायमन वीझेंथाल हे छळछावण्यांतून वाचलेले ज्यू. मे १९४५ मध्ये माउटहाउझेन छावणीतून अर्धमेले बाहेर आले आणि उरलेले आयुष्य गुन्हेगारांच्या फायली करण्यात घालवले. आधी लिन्झ गावात, मग व्हिएन्नात. फॉर्सिथ त्यांच्याकडे माहितीसाठी गेला. वीझेंथाल यांनी पुढे स्वतः सांगितले की खलनायक म्हणून खराखुरा रोशमान घ्या, असा आग्रह आपणच धरला. हेतू हा, की पुस्तक जगभर जाईल, लोक त्याचा चेहरा शोधतील. तसेच झाले. १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीने रोशमानची मागणी केली, अर्जेंटिनाच्या सरकारने विचार करू म्हणून जाहीर केले, आणि हा पराग्वेला पळाला. ऑगस्ट १९७७ मध्ये असुन्सिओन शहरात मेला. फासावर गेला नाही. पण पोटाशी लाकडाचा धंदा आणि दाराशी बाग घेऊन सुखाने नाही मेला. पळता पळता मेला. एका पुस्तकाने त्याला बिळातून काढले.

हे ऐकल्यावर पोरं जरा सावरून बसली. पिस्तूल नाही, पुस्तक.

आईकमानचेही तसेच. सगळ्यांना इस्रायलच्या हेरांची गोष्ट माहीत आहे, की ११ मे १९६० ला ब्युनॉस आयर्समध्ये त्याला उचलले, जेरुसलेमला खटला चालवला आणि १९६२ ला फासावर दिले. पण सुरुवात कोणी केली? लोथार हेरमान नावाच्या एका निर्वासिताने. हा माणूस जवळजवळ आंधळा. त्याच्या पोरीची आईकमानच्या पोराशी ओळख झाली, पोरगा बापाबद्दल बरळला, आणि या आंधळ्याने चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी पोचली ती जर्मनीतल्या हेसे राज्याचे सरकारी वकील फ्रिट्झ बावर यांच्याकडे. बावर स्वतः ज्यू, १९३३ मध्ये नाझींनी तुरुंगात टाकलेले. आपल्याच देशाच्या पोलिसांवर त्यांचा भरवसा नव्हता, कारण खात्यात जुनीच माणसं बसलेली. सांगितले तर गुन्हेगाराला आधी कळेल. म्हणून त्यांनी खबर इस्रायलला दिली. डोळस दुनियेने जे पाहिले नाही ते आंधळ्याने पाहिले.

याच बावर यांनी फ्रँकफर्टला आउशविट्झचा खटला उभा केला. डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५. साडेतीनशेवर साक्षीदार, त्यातले दोनशेहून जास्त छावणीतून वाचलेले. कोणी पोलंडहून आला, कोणी अमेरिकेहून. आरोपींचे वकील त्यांना विचारायचे, त्या दिवशी वार कोणता होता? धुके होते की ऊन? वीस वर्षांपूर्वीचा वार चुकला की साक्ष खोटी. शेवटी सतरा जणांना शिक्षा, तिघे सुटले. शिक्षाही बऱ्याच हलक्या. तरी ते सगळे कागदावर आले. आता कोणी म्हणू शकत नाही की झालेच नव्हते.

आणि कायदा? तिथे खुनाच्या गुन्ह्यालाही वीस वर्षांची मुदत होती. १९६५ ला मुदत संपत होती, म्हणजे सगळे सुटणार. संसदेत भांडून १९६५ ला वाढवली, १९६९ ला वाढवली, १९७९ ला खुनाला मुदतच नाही असे केले. पण मध्येच १९६८ ला एका किरकोळ दिसणाऱ्या दुरुस्तीने टेबलामागे बसून हुकूम काढणाऱ्या कितीतरी जणांचे गुन्हे मुदतबाह्य करून टाकले. मते देणाऱ्यांच्याही ते ध्यानात आले नाही. पुढे फार उशिरा, २०११ नंतर, कोर्टांनी मान्य केले की छावणी चालवायला हातभार लावणे हाही गुन्हाच. २०२२ मध्ये स्टुटहोफ छावणीच्या कचेरीत टायपिंग करणाऱ्या ९७ वर्षांच्या बाईला दोषी ठरवले. गुन्ह्याच्या वेळी वय कमी होते म्हणून खटला बालन्यायालयात! शिक्षा दोन वर्षांची, तीही स्थगित. आमच्यातला एक जण म्हणाला, "म्हातारीला कशाला छळायचं?" आत्याबाईने सुपातून मान वर केली. पहिल्यांदाच बोलली. "म्हातारी झाली म्हनून काय झालं? म्या बी म्हातारी झाले की."

आम्ही तिच्याकडे पाहिले. ती परत ज्वारी निवडायला लागली.

०

आता आपल्याकडे या. पोरांचा प्रश्न सरळ होता: आपला ओडेसा कुठाय? आपले रोशमान कुठं लपलेत?

गुरुजी म्हणाले, "लपलेत कोण म्हणलं? नाझीला नाव बदलावं लागलं, समुद्र ओलांडावा लागला. आपल्या माणसाला चावडी सुद्धा ओलांडावी लागली नाही. तो तिथंच बसलाय. आपण रामराम करून पुढं जातो."

तमिळनाडूतले किळवेण्मणी घ्या. २५ डिसेंबर १९६८. मजुरी वाढवून मागितली म्हणून ४४ दलित माणसं, बहुतेक बायका आणि लेकरं, एका झोपडीत कोंडून जाळली. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली, १९७३ मध्ये हायकोर्टाने सोडले. कारण काय, तर एवढे मोठे, गाडी बाळगणारे जमीनदार स्वतः चालत जाऊन आग लावतील हे पटत नाही. बिहारमध्ये बथानी टोला, १९९६, २१ मेले. २०१२ ला हायकोर्टात सगळे सुटले. लक्ष्मणपूर बाथे, १९९७, ५८ मेले. २०१३ ला हायकोर्टात सगळे सुटले. साक्षीदारांवर भरवसा नाही. आंध्रात चुंडूर, १९९१, आठ मेले. २०१४ ला सुटले.

आपल्या महाराष्ट्रात १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्या ढाकळीला गवई बंधूंचे डोळे काढले. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. २००८ ला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप, २०१० ला हायकोर्टाने सगळ्यांची पंचवीस वर्षे केली. आणि अॅट्रॉसिटीचा कायदा लागूच होत नाही म्हणे. भय्यालाल भोतमांगे वरच्या कोर्टाची वाट पाहत जानेवारी २०१७ ला गेले. नगर जिल्ह्यात खर्ड्याचा नितीन आगे, २८ एप्रिल २०१४. साक्षीदार फिरले, २०१७ ला आरोपी सुटले.

एक पोरगा उठून उभा राहिला. "किळवेण्मणीच्या जमीनदाराला १९८० ला मारला की लोकांनी. तसंच पाहिजे." ओट्यावर शांतता. मलाही त्याच्या वयात तसेच वाटायचे, खोटे कशाला बोलू? गुरुजींनी विचारले, "मारला. बरं. आता कागदावर काय आहे? ४४ माणसं मेली आणि त्यांना कोणी मारलं नाही, हेच आहे. मारल्यानं तो कागद बदलला का?" पोरगा बसला, पण पटले नव्हते. ते मी इथे नोंदवतो. पटले नव्हते.

०

आता मराठवाडा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्याच रात्रीपासून आग. नांदेड-परभणीकडे वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जाळले. विहिरी बाटवल्या, कामावरून काढले, बहिष्कार टाकला. नामांतराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. १९७९ चा लाँग मार्च, किती मोर्चे, किती लाठ्या, आणि २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. सोळा वर्षे. हे सगळे तुम्हाला पाठ आहे. दर १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या कमानीला जाऊन येतो.

आता जे पाठ नाही ते विचारतो. वस्त्या जाळणाऱ्यांपैकी तुम्हाला किती नावे माहीत आहेत? किती खटले चालले? किती जणांना शिक्षा झाली? कमानीपाशी उभ्या असलेल्या शंभर जणांना विचारा. मेलेल्यांची नावे येतील. मारणाऱ्यांची येणार नाहीत.

फाईल अजिबात झालीच नाही असे नाही. अत्याचार विरोधी समितीच्या लोकांनी गावोगाव फिरून अहवाल केला, तो १९७९ मध्ये छापला गेला. तो आपल्यातल्या किती जणांनी वाचला? आणि जे कोर्टात गेले त्याचे काय? १९९५ साली सत्तेवर आलेल्या सरकारने नामांतराच्या काळातले, अॅट्रॉसिटी कायद्याखाली मराठवाड्यात नोंदलेले हजारावर खटले मागे घ्यायचे ठरवले. एका सहीने हजार फायली. जर्मनीत १९६८ ला झाले तेच, फक्त तिथे चोरून झाले, इथे जाहीर झाले.

आणि फाईल दाबायची सवय मराठवाड्याच्या मातीला जुनीच आहे. सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. रझाकारांचे अत्याचार आपण शाळेत शिकतो, शिकायलाच पाहिजेत. त्यांचा पुढारी कासिम रझवी, त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, १९५७ ला सुटून पाकिस्तानला गेला. पण पोलीस अॅक्शननंतर गरीब मुसलमानांची जी कत्तल झाली तिचे काय? पंडित सुंदरलाल यांच्या समितीने फिरून अहवाल दिला, किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असा अंदाज केला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे सगळ्यात वाईट जिल्हे. तो अहवाल लोकांना बघायला मिळाला २०१३ ला. पासष्ट वर्षांनी. फाईल फक्त आपल्या मेलेल्यांची ठेवायची आणि दुसऱ्याच्या मेलेल्यांची दाबू द्यायची, असे आपल्याला करता येणार नाही. मग आपल्यात आणि मिलरात फरक काय?

०

शेवटच्या संध्याकाळी पुस्तक मिटल्यावर आत्याबाई उठली नाही. म्हणाली, "त्या बुकातल्या म्हाताऱ्याची वही कुनी वाचली, त्यो मेल्यावर. म्या जित्ती हाय. मला कुनी इचारलं?"

मित्रांनो, हे मला उद्देशून होते.

माझी आत्याबाई नांदेडकडे दिली होती. गावाचे नाव लिहीत नाही, का ते पुढे सांगतो. १९७८ च्या ऑगस्टात ती दोन लेकरं आणि एक पितळी तांब्या घेऊन मीटरगेजच्या गाडीने परतूर स्टेशनला उतरली आणि वाटूरला आली. वाटूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, जालना जिल्हा १९८१ ला झाला. मी सहा वर्षांचा. मला एवढेच आठवते की तिच्या लुगड्याला धुराचा वास होता आणि माझी माय ते लुगडे दगडावर आपटत होती, आपटत होती. घर जळाले हे आम्हाला माहीत होते. पुढे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. दरसाल जयंतीला मी माईक धरून पोचिराम कांबळे यांचे नाव घेतले. भाषणात मराठवाडा जाळला. चाळीस वर्षांहून जास्त. आणि माझ्या घरात, चुलीशेजारच्या फळीवर, तिची फाईल होती.

फाईल म्हणजे बिस्किटाचा पत्र्याचा डबा. तिने तो ओट्यावर आणून उघडला. आत फिर्यादीची नक्कल. घडीवर फाटलेली, शाई उडालेली, खाली तिचा अंगठा. तिला वाचता येत नाही. तिने तो कागद एवढी वर्षे न वाचता सांभाळला. "साक्षीला बोलवतील म्हनले व्हते. कागद हरवू नगंस म्हनले व्हते. म्या हरवला न्हाई."

समन्स कधी आले नाही. माझा आत्येभाऊ मोठा झाल्यावर एकदा एका कचेरीत विचारायला गेला. ती केस केव्हाच निकालात निघाली, एवढेच सांगितले. कशी निघाली, कोणी काढली, कागद दाखवला नाही. तोही परत गेला नाही.

आम्ही चार संध्याकाळ तिचे सांगणे लिहून घेतले. घर दोन खणांचे. कणगीत ज्वारी. शेळी एक, गाभण. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, तो आधी काढून उंबऱ्यात फोडला. कोण कोण होते, नावानिशी. कागदावर चार नावे. ती सहा सांगते. पोरं म्हणाली, सहा लिहा. पोरगी म्हणाली, थांबा. आत्याबाई, या सहांतले तुम्ही डोळ्यांनी कोण पाहिले आणि मागून ऐकले कोण? आत्याबाई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, चार पाहिले. दोन मागून ऐकले. वहीत दोन रकाने केले, पाहिलेले आणि ऐकलेले. फ्रँकफर्टला साक्षीदारांची जी उलटतपासणी झाली ती ऐकली होती म्हणून हे सुचले. आपल्या माणसाची साक्ष आपणच ढिली ठेवली तर समोरचा वकील तिच्यातून बैलगाडी घालतो.

मग नावे छापायची की नाही. पोरं म्हणाली, छापा, वीझेंथालने छापली. मी नाही म्हणालो. एक, कोर्टात सिद्ध न झालेले नाव छापले तर उद्या आपणच आरोपी होऊ आणि मूळ गुन्हा बाजूला पडेल. दोन, आत्याबाईची पुतणी अजून त्याच गावात नांदते. आपण इथे शूर व्हायचे आणि तिचे पाणी तिथे तोडायचे, हे चालणार नाही. आत्याबाईला विचारले. ती म्हणाली, "वहीत लिव्हा. बुकात नगं. पर वही हरवू नगा." किळवेण्मणीचे नाव काढणारा पोरगा त्या रात्री उठून गेला. भ्याडाची फाईल म्हणाला. अजून परत आलेला नाही. तो आला पाहिजे. त्याचा राग या कामाला लागतो.

०

शेवटचे, कामाचे.

आपल्या कायद्यात तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नाही. खून, घर जाळणे यांना मुदत संपत नाही. जर्मनांना त्यासाठी संसदेत चौदा वर्षे भांडावे लागले, आपल्याला ते आयते आहे. म्हणून 'जुनी गोष्ट झाली' असे कोणी म्हटले तर ते कायद्याचे बोलणे नव्हे. 'केस निकाली' म्हटले तर पुढे विचारा: कशी? पोलिसांनी समरी भरली काय, भरली तर अ, ब की क? सरकारी वकिलाने खटला मागे घेतला काय? घेतला तर आरोप ठेवण्याआधी की नंतर? आधी घेतला असेल तर आरोपी नुसता सोडलेला असतो, नंतर घेतला असेल तर निर्दोष ठरतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००५ चा माहिती अधिकार आहे, त्याखाली अर्ज करा. कागद नष्ट केला म्हणाले तर नष्ट केल्याची नोंद मागा. आणि आताच्या गुन्ह्यांसाठी अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ वाचा. पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षणाचा, खटल्याची खबर मिळण्याचा हक्क त्यात आहे. नितीन आगेला मारले तेव्हा ते नव्हते. आज आहे, आणि आपल्यातल्या दहांपैकी नऊ जणांना माहीत नाही.

आत्याबाईच्या केसचा अर्ज आम्ही टाकला आहे. उत्तर आले की कळवू. न्याय मिळेल असे मी तिला सांगितलेले नाही. त्या चारांतले दोघे मेले असे ऐकतो. ऐकतो, म्हणून दुसऱ्या रकान्यात लिहिले आहे.

तुमच्या वस्तीतही एखादी आत्याबाई असेल. १९७८ ला वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीच्या घरात आहे. फ्रँकफर्टचा खटला गुन्ह्यानंतर वीस वर्षांनी उभा राहिला, आपल्याला पन्नास होत आली. मोर्चा पुढच्या महिन्यात काढता येईल. तिचे सांगणे पुढच्या महिन्यात लिहिता येईलच असे नाही.

तारीख, गाव, काय जळाले, कोण होते, कोणी पाहिले, कोणी ऐकले. एवढेच लिहा. तिच्यासमोर वाचून दाखवा. चुकले तर दुरुस्त करा. दोन प्रती काढा, दोन घरी ठेवा. भाषण नंतर.

डबा आता रिकामा आहे. कागद प्लास्टिकमध्ये घालून वहीला लावला. आत्याबाईने डब्यात मीठ भरले. वही वाटूरला आहे, ज्याला बघायची त्याने यावे.

जयभीम.